वर्गांतील मुके सोबती

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवालयाच्या पायाभरणीचा वृत्तांत, धर्मगुरूंची नामावली व निरनिराळ्या मंडळांचे अहवाल हे यावयाचेच; आणि ते आमच्याहून अधिक जाणत्या लेखण्यांनीं लिहिले जातील. आमच्या वांट्यास आलेलीं चार पानें आम्हीं शाळेस द्यावयाचें ठरविलें आहे. देवळाशेजारीं शाळा हें आपल्या धर्मग्रामांचें जुनें चित्र आहे. परंतु शाळेचा इतिहास म्हणजे तिच्या इमारतीचा इतिहास, असा कांहींसा समज होऊन बसला आहे. खोली केव्हां बांधली, कौलें केव्हां घातलीं, देणगी कोणीं दिली, हें सर्व लिहिलें जातें. त्या खोलींत बसलेलें मूल फळ्याकडे पाहत होतें कीं एखाद्या जिवंत जीवाकडे, हें मात्र कोणी लिहीत नाहीं. आमच्या मतें शाळेचा खरा इतिहास तो आहे.

आपल्या मुलांचें एक नवल पाहा. परसांत कोंबडी अंडीं उबवीत बसलेली असते, तिला एकविसाव्या दिवशीं पिलें होतात, तीं हाताळतांना आईची बोलणीं खावीं लागतात; आणि तेंच मूल शाळेंत येऊन कोंबडीविषयीं पुस्तकांतल्या पांच ओळी घोकतें, जणुं कोंबडी हा दूर देशींचा प्राणी आहे. घरचें ज्ञान घरीं व शाळेचें शाळेंत, अशी ही वांटणी कोणीं केली कोण जाणे. ती मोडून जिवंत प्राणी वर्गांत आणण्याचा, किंवा वर्गच प्राण्यांकडे नेण्याचा उद्योग ज्या माणसांनीं केला, त्यांची हकीकत आम्ही सांगूं इच्छितों.

प्रथम काचेविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कारण काच स्वस्त झाली नसती, तर मासा वर्गांत आला नसता. इंग्लंडांत काचेवर जबर कर होता, तो १८४५ सालीं उठला. पुढें लवकरच, म्हणजे १८५० च्या सुमारास, लंडनांतील रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें एका काचपात्रांत दोन सोनेरी मासे ठेविले व तळाशीं वॅलिस्नेरिया ही लांब पानांची पाणवनस्पति लाविली. वनस्पति उजेडांत प्राणवायु सोडील व मासे तो घेतील, म्हणजे पाणी बदलावें लागणार नाहीं, असा त्याचा हिशेब होता. हिशेब बरोबर होता, पण पुरा नव्हता. कांहीं दिवसांनीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें व पात्राच्या भिंतींवर हिरवा थर चढला. तेव्हां त्यानें पाण्यांत गोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजलेलीं पानें व तो थर खाऊन फस्त केला. शिवाय त्यांचीं अंडीं व बारीक पिलें माशांच्या कामीं आलीं. मासा, पान व गोगलगाय अशा तिघांचा हा संसार महिनोन्‌महिने चालला. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत माशांचें घर उघडलें, १८५४ त फिलिप गॉस याचें मत्स्यपात्रावरील पुस्तक निघालें, आणि इंग्रजांच्या बैठकीच्या खोल्यांतून अशीं पात्रें ठेवण्याची लाटच आली. लाट ओसरली तरी पात्र राहिलें, आणि तें हळूहळू शाळेंत शिरलें. आजही ज्या शिक्षकास वर्गांत एकच जिवंत वस्तु ठेवावयाची असेल त्यानें वॉरिंग्टनचा हा त्रिकोण ठेवावा. त्यांतील गोगलगाय काढून घेतली तर काय होतें, हें मुलांना आठवडाभरांत दिसूं लागतें; सांगावें लागत नाहीं.

त्याच काळांत ब्रनो शहरांतील आगस्तीनी मठांतले एक धर्मगुरू शाळेंत शिकवीत होते. ग्रेगोर मेंडेल यांचें नांव आतां कोणास सांगावयास नको. परंतु ते १८५४ पासून १८६८ पर्यंत चौदा वर्षें शाळामास्तर होते, आणि तेही बदली मास्तर होते, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. शिक्षकाच्या परीक्षेंत ते १८५० सालीं व्हिएन्ना येथें नापास झाले. परीक्षकांस त्यांचें प्राणिशास्त्र कच्चें वाटलें होतें. १८५६ सालींही त्यांना ती परीक्षा पुरी करतां आली नाहीं. म्हणजे ज्यानें मठाच्या बागेंत वाटाण्याचीं हजारों रोपें मोजून आनुवंशाचे नियम शोधिले, त्याच्यापाशीं सृष्टिशास्त्र शिकविण्याचा पुरा दाखला नव्हता. १८६५ त त्यांनीं तें संशोधन वाचून दाखविलें, १८६६ त तें छापलें, आणि १९०० पर्यंत त्याचें महत्त्व कोणास कळलें नाहीं. पुढें मठाधिपति झाल्यावर त्यांनीं मधमाश्याही पाळल्या. परीक्षा घेणाऱ्यांनीं ही गोष्ट अधूनमधून आठवावी.

अमेरिकेंत या कामाचा आरंभ करणारा पुरुष म्हणजे लुई आगासी. हा जन्मानें स्विस, १८४६ सालीं अमेरिकेस गेला व हार्वर्ड येथें अध्यापक झाला. शिक्षकांच्या सभेंत टोळाविषयीं व्याख्यान द्यावयाचें होतें, तेव्हां त्यानें मूठमूठ टोळ पकडून आणविले व प्रत्येक श्रोत्याच्या हातीं एकेक जिवंत टोळ दिला. मोठमोठीं माणसें हंसलीं, कित्येकांचे टोळ उडून गेले. पण जोंवर प्रत्येकानें आपला टोळ नीट धरिला नाहीं, तोंवर तो पुढें बोलला नाहीं. सॅम्युएल स्कडर या त्याच्या शिष्यानें आपली हकीकत १८७४ त छापली आहे. आगासीनें त्याच्यापुढें एक मेलेला मासा ठेविला, पाहा म्हणून सांगितलें, आणि निघून गेला. दहा मिनिटांत स्कडरला वाटलें कीं पाहावयाचें तें पाहून झालें. परंतु तीन दिवस त्यास त्या माशावांचून दुसरें कांहीं मिळालें नाहीं. कंटाळून त्यानें तो कागदावर काढावयास घेतला, तेव्हां त्याला नवीन गोष्टी दिसूं लागल्या.

आगासीची मोठी कृति म्हणजे पेनिकीझ बेटावरील शाळा. जॉन अँडरसन नांवाच्या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यानें मॅसॅच्युसेट्‌सच्या किनाऱ्यालगतचें तें लहान बेट व पन्नास हजार डॉलर त्यास दिले. जुलै १८७३ मध्यें सुमारें पन्नास शिक्षक व शिक्षिका तेथें जमल्या. इमारती पुऱ्या झाल्या नव्हत्या, म्हणून गोठ्याचें कोठार झाडून घेतलें होतें. त्याच्या वाशांना भिंगऱ्यांचीं घरटीं होतीं व व्याख्यान चालू असतां भिंगऱ्या डोक्यावरून आंतबाहेर करीत. त्या कोठारांत आगासीनें आरंभीं सर्वांस क्षणभर मूक प्रार्थना करावयास सांगितली. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत तो वारला. पुढच्या उन्हाळ्यांत शाळा एकदां भरली व मग बंद झाली. इमारत गेली, पण ते पन्नास जण आपापल्या गांवीं परत गेलेले होते, आणि त्यांच्यापैकीं कित्येकांच्या वर्गांतून पुढें बाटल्या, जाळीं व बेडकांचीं अंडीं दिसूं लागलीं. येथें एक गोष्ट लपवूं नये. आगासीनें डार्विनचा सिद्धांत शेवटपर्यंत मानिला नाहीं, हें एक वेळ सोडून देतां येईल. परंतु माणसांच्या वंशांविषयींचीं त्याचीं मतें हीन होतीं. माशाचा एकेक खवला पाहावयास शिकविणाऱ्या डोळ्यांना समोरचा काळा माणूस दिसूं नये, याचें आम्हांस दुःख वाटतें.

जर्मनींत कील येथील शिक्षक फ्रीड्रिख युंगे यानें १८८५ सालीं गांवच्या तळ्यावर एक पुस्तक लिहून, एकेक प्राणी सुटा न शिकवितां तळ्यांतले सर्व जीव एका कुटुंबासारखे शिकवावे असें मांडलें. अमेरिकेंत १८९३ च्या मंदीनें शेतकरी शहरांकडे धांवूं लागले, तेव्हां मुलांना शेताची गोडी लागल्यास तीं गांव सोडणार नाहींत, अशा आशेनें न्यूयॉर्क राज्यानें कॉर्नेल विद्यापीठास या कामासाठीं पैसे दिले. मुलांनीं गांव सोडावयाचें तें सोडलेंच. परंतु त्या पैशांतून ॲना कॉम्स्टॉक या बाईंचें काम उभें राहिलें. त्यांनीं खेड्यांतल्या शिक्षकांसाठीं पत्रकें लिहिलीं, आणि तीं सर्व एकत्र करून १९११ सालीं नऊशेंहून अधिक पानांचा ग्रंथ काढला. तो खपणार नाहीं असें त्यांच्या पतीस वाटत होतें; पतिराज स्वतः नामांकित कीटकशास्त्रज्ञ होते. ग्रंथाच्या वीसावर आवृत्त्या निघाल्या. विद्यापीठानें बाईंना १८९९ त साहाय्यक प्राध्यापक नेमलें, पण स्त्रीस तें पद देणें विश्वस्तांस रुचलें नाहीं, म्हणून पद काढून घेतलें. पूर्ण प्राध्यापक व्हावयास १९२० उजाडलें. त्यांच्या ग्रंथांतील एक सल्ला आम्हांस फार मोलाचा वाटतो. मुलानें असा प्रश्न विचारिला कीं त्याचें उत्तर शिक्षकास येत नाहीं, तर तसें सरळ सांगावें व मग दोघांनीं मिळून शोधावें. आमच्याकडे मास्तरांस हें वाक्य उच्चारणें किती जड जातें, हें सांगावयास नको.

आतां आम्ही ज्या शाळेकडे वळतों ती फार लहान होती व पांच वर्षेंच टिकली. तरी या सर्व इतिहासांत तिच्याइतकी बोलकी शाळा आम्हांस दुसरी आढळत नाहीं. केंब्रिज येथें जेफ्री पाइक नांवाच्या एका विक्षिप्त गृहस्थानें १९२४ सालीं माल्टिंग हाउस स्कूल नांवाची शाळा काढली व तिच्यावर सुझन आयझॅक्स या विदुषीस नेमलें. आरंभीं दहाच मुलगे होते, वयानें अडीच ते पांच वर्षांचे. मुली मागाहून आल्या. वर्गांत व बागेंत उंदीर, ससे, गिनीपिग, कोंबड्या, मांजरें, साप, रेशमाचे किडे, मत्स्यपात्र व गांडुळांची पेटी होती. मुलें त्यांना खाऊं घालीत व त्यांच्याविषयीं हवें तें विचारीत. बाईंचा नियम असा कीं, ज्या प्रश्नाचें उत्तर पाहून मिळेल, तें सांगून द्यावयाचें नाहीं. आणि मुलें जें बोलतील तें जसेंच्या तसें टिपून ठेवावयाचें. या टिपणांतून त्यांनीं १९३० सालीं ग्रंथ सिद्ध केला.

जुलै १९२५ मध्यें एके दिवशीं सकाळीं ससा मेलेला आढळला. पोट आतां वरखालीं होत नाहीं, म्हणून तो मेला, असें एका मुलानें ओळखलें. दुसरा म्हणाला कीं पाण्यांत घातल्यास तो जिवंत होईल, बाबांनीं तसें सांगितलें आहे. बाई हंसल्या नाहींत, रागावल्याही नाहींत. करून पाहूं या का, एवढेंच त्यांनीं विचारिलें. मुलांनीं ससा पाण्यांत घातला. तरंगला तर मेला व बुडाला तर जिवंत, असा कोणी नियम काढला. ससा पाण्यांत फिरतांना पाहून, हलतो आहे म्हणजे जिवंत आहे, असेंही कोणी म्हणाला. मग त्यांनीं खड्डा खणून त्यास पुरलें. परंतु दुसऱ्या दिवशीं पुन्हा वाद निघाला. ससा आतां तेथें नाहीं, तो वर आकाशांत गेला, असें एकाचें म्हणणें होतें. पुन्हा तेंच, पाहूं या का? खड्डा उकरला, ससा तेथेंच होता. मुलें घाबरलीं नाहींत, रडलीं नाहींत; तीं लक्षपूर्वक पाहत राहिलीं.

हा प्रसंग वाचून कित्येक आईबापांस धक्का बसेल, हें आम्ही जाणतों. चार-पांच वर्षांच्या लेंकरास मृत प्राणी उकरून दाखवावा काय? आमच्या घरांतून कबुतर मेलें तर मूल झोपेंत असतांना तें उचलून दूर टाकण्याची रीत आहे, आणि मागाहून तें उडून गेलें असें सांगतात. देह मातींत राहतो, ही गोष्ट मात्र आपण राखेच्या बुधवारीं त्याच मुलाच्या कपाळीं राख लावून सांगत असतों. त्या केंब्रिजच्या बागेंत पोरांनीं आत्म्याचा शोध घेतला नाहीं. त्यांनीं सशाच्या देहाचें काय झालें एवढेंच पाहिलें, आणि तेवढ्याबद्दल त्यांना खरें तें कळलें. आमचा कौल बाईंच्या बाजूनें आहे. मात्र बाईंचा दुसरा नियमही सांगितला पाहिजे, नाहीं तर चित्र अपुरें राहील. त्याच मुलांच्या हातून कधीं प्राण्यांना इजा होई. लहान मुलांत दया व क्रौर्य शेजारीं शेजारीं वसतात, हें त्यांनीं झांकून न ठेवतां लिहिलें आहे. परंतु प्राण्यास दुखविण्याची मोकळीक त्यांनीं कोणासही दिली नाहीं. प्रश्न कोणताही विचारावा, पण हात आवरावा.

पाइक यांचें द्रव्य बाजाराच्या सट्ट्यांत बुडालें. बाई १९२७ सालीं शाळा सोडून गेल्या व १९२९ सालीं शाळा मिटली.

आपल्या देशाशीं या हकीकतीचा धागा जोडणारी व्यक्ति म्हणजे मारिया माँटेसोरी. या इटालियन कॅथोलिक विदुषीनें १९०९ सालच्या आपल्या पहिल्याच ग्रंथांत झाडें लावणें व प्राण्यांची जोपासना करणें यांस शिक्षणांत स्थान दिलें. आपण पाणी घातलें नाहीं तर रोप सुकतें, दाणा टाकला नाहीं तर जीव उपाशी राहतो, हें कळलें म्हणजे मुलास कोणी हुकूम करावा लागत नाहीं, असा त्यांचा अनुभव. १९३९ सालीं त्या मद्रासला आल्या. १९४० मध्यें इटली युद्धांत पडल्यानें त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या व १९४६ पर्यंत येथेंच राहिल्या. त्यांच्या पद्धतीस मराठी वळण देणाऱ्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम केलें. अनुताई वाघ त्यांच्या जोडीस होत्या. वसईहून उत्तरेस असलेला हा भाग आमच्या कित्येक वाचकांच्या पायांखालचा आहे. वारली मुलें शाळेंत येत ना, कारण त्यांना गुरें राखावीं लागत. गुरें सोडून येणार कशीं? मग या बायांनीं शाळाच कुरणांत नेली व तिला कुरणशाळा म्हटलें. गुरें चरत असतां मुलें शिकत. प्राणी वर्गांत आणण्यासाठीं जगभर एवढा खटाटोप चालला असतां, ज्या मुलांपाशीं गुरें आधींपासून होतीं, त्यांना शाळा त्याच कारणास्तव परकी झाली होती.

शेवटीं होशंगाबादची गोष्ट. नर्मदाकांठच्या या जिल्ह्याचें नांव आतां नर्मदापुरम् झालें आहे. तेथें रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर व किशोर भारती या दोन संस्थांनीं १९७२ सालीं सोळा सरकारी शाळांतून विज्ञान हातानें करून शिकविण्यास आरंभ केला. मुंबईच्या टाटा संस्थेतले व दिल्ली विद्यापीठांतले शास्त्रज्ञ त्यांच्या मदतीस आले. चार-चार मुलांच्या टोळ्या करून प्रयोग करावयाचे, शेतांत व नाल्यांत हिंडावयाचें, पाहिलेलें वहींत लिहावयाचें, आणि परीक्षेंत पुस्तक उघडें ठेवावयाचें. १९७८ पासून हें काम सर्व जिल्ह्यांत पसरलें व १९८२ पासून एकलव्य संस्थेनें तें चालविलें.

माशीचा जीवनक्रम तेथें मुलें शेणावरून शिकत. शेणांतलीं माशीचीं अंडीं घेऊन बाटलींत ठेवावयाचीं. उन्हाळ्याच्या दिवसांत एका दिवसांत त्यांतून अळ्या निघतात, आठवड्याच्या आंत त्या कोश करतात, व त्यापुढें थोड्याच दिवसांत माशी बाहेर येते. १६६८ सालीं इटलींतील फ्रांचेस्को रेदी यानें मांसाच्या भांड्यांवर कापड ताणून, किडे आपोआप उपजत नाहींत, ते माशीच्या अंड्यांतून होतात, हें दाखवून दिलें होतें. तीन शतकांनीं खेड्यांतल्या पोरांनीं तेंच शेणाच्या बाटलींत पाहिलें. ना सूक्ष्मदर्शकाचा खर्च, ना पिंजरा. घाण वाटेल, हें खरें. परंतु घरोघरीं अन्नावर बसणारी माशी कोठून येते हें ज्या मुलानें डोळ्यांनीं पाहिलें, त्यास झांकण ठेवण्याविषयीं उपदेश करावा लागत नाहीं.

सुमारें हजार शाळांपर्यंत गेलेलें हें काम २००२ सालीं मध्यप्रदेश सरकारनें बंद केलें. सर्व राज्यास एकच अभ्यासक्रम असावा, हें कारण पुढें करण्यांत आलें. पालकांतही कुरकुर होती, ती खोटी नव्हती: पुढल्या परीक्षांस घोकलेलेंच लागतें, मग आमच्याच मुलांनीं शेण कां उकरावें? तीस वर्षांचें काम एका हुकमासरशीं गेलें, याचा आम्हांस संताप येतो. पण त्या पालकांच्या प्रश्नास कोणीं नीट उत्तर दिलें असेंही आम्हांस वाटत नाहीं. जोंवर परीक्षा बदलत नाहीं तोंवर बाटलींतली अळी हरणारच.

दरम्यान कायदाही बदलला आहे, आणि तो शिक्षकांनीं जाणला पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें रानांतले पक्षी व प्राणी पकडणें गुन्हा आहे; दारीं टांगलेला पोपटाचा पिंजराही त्यांत येतो, हें आपल्या वाडींत अजून पुष्कळांस पटत नाहीं. बेडूक चिरण्याची जुनी रीत गेली. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०११ व २०१४ सालीं सूचना काढून महाविद्यालयांतूनही ती उठविली. आम्हांस ती रीत गेल्याचें दुःख नाहीं. जिवंत बेडूक कधीं न पाहिलेल्या मुलानें मेलेला बेडूक उघडावा, यांत शिक्षण थोडें व वास फार होता.

मग वर्गांत ठेवावें काय? लिंबाचें झाड बहुतेक वाड्यांतून असतें. पावसाळ्यांत त्याच्या कोंवळ्या पानांवर मोहरीहून लहान, पिंवळट, गोल अंडें सांपडतें. पान डहाळीसकट तोडून रुंद तोंडाच्या बरणींत ठेवावें व तोंडाला मलमलीचें फडकें बांधावें. तीन-चार दिवसांत निघणारी अळी प्रथम पक्ष्याच्या शिटेसारखी काळी-पांढरी दिसते, म्हणून पांखरें तिला सोडून देतात. पुढें ती कात टाकून हिरवी होते, आणि बोट लावल्यास मानेमागून दोन शिंगें बाहेर काढून उग्र वास सोडते. पान रोज ताजें घालावें व लेंड्या झाडाव्या. हें काम पाळीपाळीनें मुलांकडे द्यावें, आणि रविवारीं कोणीं यावयाचें हें आधींच ठरवावें. दोन-अडीच आठवड्यांनीं अळी डहाळीला धागा बांधून कोश करते. त्यानंतर सुमारें आठ-दहा दिवसांनीं, बहुधा सकाळींच, काळ्या-पिंवळ्या ठिपक्यांचें फुलपाखरू बाहेर येतें. त्याचे पंख वाळण्यास तासभर तरी लागतो. त्या तासांत त्यास कोणीं हात लावूं नये. मग फडकें सोडावें व बरणी खिडकींत ठेवावी.